हत्ती वस्तीत आणा

मागच्या अंकात आपल्याच एका दोस्तानं लिहिलं. शहरात चौकाचौकांत उभे केलेले मोठाले पक्षी, प्राणी, बागेतले बूट नि बदकं, हा सगळा भांडवलदारांचा खुळखुळा हाय, भुकेल्या लेकराच्या हातात भाकरीऐवजी दिलेला. दलितानं तिकडं बघूसुद्धा नये. आपल्याला भाकरी पाहिजे, नोकरी पाहिजे, जमीन पाहिजे. खेळणं नको.

लेख मी दोनदा वाचला. एकदा रात्रपाळी सुटल्यावर बेलापूर स्टेशनच्या बाकड्यावर आणि एकदा घरी. दोस्ता, तुझ्या भाकरीशी माझं भांडण नाही. नोकरीशी, जमिनीशी तर नाहीच नाही. पण 'खेळणं नको' हे तू कुणाच्या वतीनं लिहिलंस? माझ्या भाचीला विचारून लिहिलंस का?

तिची हकिकत आधी सांगतो. मग भांडतो.

माझे दाजी तळोज्याच्या पट्ट्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये होते. मीबी तसल्याच एका मिलमध्ये हाय. भट्टीतून लाल झालेला लोखंडाचा ठोकळा निघतो, रोलामागून रोलात दाबला जातो, लांब लांब होत जातो आणि शेवटाला सळई होऊन पडते. मधल्या जागेत आम्ही, हातात चिमटे घेऊन. कधीमधी ती लाल सळई रोलातून सुटते नि सापासारखी उसळते. ती कुठं जाईल हे तिचं तिलाच ठाऊक. दोन वर्षांमागं ती दाजींच्या अंगावर आली. ठेकेदार म्हणाला, हा माणूस माझ्या हजेरीपटावर नाही. मालक म्हणाला, ठेकेदाराला विचारा. आम्ही अजून विचारतोच आहोत.

भाची तेव्हा सहा वर्षांची. बाप गेला त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं. रडणं नाही, हट्ट नाही. दिलं तर खायचं, नाय दिलं तर बसून राहायचं. ताई सकाळी सेक्टरमध्ये चार घरची धुणीभांडी करायला जाते, तिची पाठ वळली की पोर दाराच्या उंबऱ्यावर बसायची ती दुपारपर्यंत. शेजारच्या बाया म्हणायच्या, वारं लागलंय. विहारातल्या मावशी म्हणायच्या, वेळ द्या. महिने गेले.

एका रविवारी मी तिला हाताशी धरून निघालो. पारसिकच्या उतारावरून खाली आलो, सिडको भवन मागं टाकलं, कोकण भवन मागं टाकलं. रविवारी हा सगळा सीबीडी मसणासारखा असतो. हापिसं बंद, झाडांखाली कुत्री. फिरत फिरत एका बागेत शिरलो. तिथं पक्षी होता. लांब पायाचा, मान वाकडी केलेला, दोन पुरुष उंच, गुलाबी रंगाचा फ्लेमिंगो. आपली नवी मुंबई 'फ्लेमिंगो सिटी' म्हणून मिरवते, ते तुम्हाला ठाऊक हाय. भिंतींवर फ्लेमिंगो, पुलांखाली फ्लेमिंगो, रस्त्याच्या कडेला फ्लेमिंगो.

पोर माझा हात सोडून पळाली. भोवती साखळी होती, ती खालून ओलांडली. पक्ष्याच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारली, मान मागं टाकून वर बघितलं आणि खदाखदा हसली. मला हाक मारून म्हणाली, "मामा, ह्याचे गुडघे उलटे हायत!"

कितीतरी महिन्यांनी तोंडातून आलेलं पहिलं सबंध वाक्य.

तेवढ्यात शिट्टी वाजली. वॉचमन धावत आला. "हात लावायचा नाय. पाटी वाचता येत नाय का?" पाटी होती. 'हात लावू नये.' वॉचमनवर माझा राग नाही, तोबी ठेक्यावरचाच, मनगटात निळा दोरा बांधलेला. त्याचा साहेब बघतो, त्याची नोकरी जाते. पण पोरीनं हात काढून घेतला तो असा, की जसा काय चटका बसला. परतीच्या वाटेवर पुन्हा गप्प.

त्या रात्री झोप आली नाही. हात लावू नये. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत नव्हतो. माझ्या आज्यानं ते वाचलेलं, वाचता येत नव्हतं तरी. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, चहाच्या टपरीवरच्या वेगळ्या कपावर. पाटी कुणी लावली नव्हती तरी सगळ्या गावाला पाठ होती.

आता भांडतो.

दोस्ता, तू लिहिलंस की गरिबाला भाकरी आधी, मौज नंतर. हे वाक्य तुझं नाय. गाव आपल्याला हेच सांगत आलं. येसकराच्या पाळीची भाकरी घेऊन आपले आजे-पणजे दारोदार हिंडले. गावानं भाकरी दिली, शिळी दिली, उष्टी दिली, वरून टाकली, पण दिली. कशाला? उद्या मेलेलं जनावर ओढायला माणूस जिवंत पाहिजे म्हणून. भाकरीनं माणूस कामापुरता जिवंत राहतो आणि तेवढा जिवंत आपण त्यांना हवाच होतो. ज्यानं माणूस माणसासारखा हसतो, खेळतो, रिकाम्या वेळी वर मान करून बघतो, ते काही गावानं दिलं नाही. 'तुम्हाला भाकरी पुरे' ही गुलामाच्या मालकाची बोली हाय. ती तू लाल शाईनं लिहिली म्हणून ती क्रांतीची होत नाही.

चवदार तळ्याला आपण २० मार्च १९२७ ला हात लावला. महाडात काय पाण्याचा दुष्काळ होता? तहान भागवायची दुसरी सोय नव्हती म्हणून बाबासाहेब ओंजळ घेऊन उतरले का? जे सगळ्यांचं हाय त्याला आमचाबी हात लागणार, हे सांगायला उतरले. बागेतल्या पक्ष्याचं तेच हाय. पक्षी लहान गोष्ट, म्हणशील. तळंबी लहानच होतं.

दुसरं तू लिहिलंस, की अशा मोठाल्या आकृत्या ही परक्यांची फॅशन, आपल्या परंपरेत दुःखाचं शास्त्र हाय, खेळण्याचं नाही. इथं तर तू सपशेल आपटलास. कार्ल्याला गेलायस का? आपल्याकडचे आगरी-कोळी ज्या डोंगरावर एकवीरेला जातात, त्याच डोंगरावर, देवीच्या देवळाला लागूनच बौद्धांचं चैत्य हाय. सुमारे दोन हजार वर्षांचं. ओसरीत शिर. डाव्या-उजव्या भिंतीला तीन-तीन हत्ती. खऱ्या हत्तीची आठवण व्हावी एवढे, कातळातून अर्धं अंग बाहेर काढून उभे, सगळा डोंगर पाठीवर घेतल्यागत. आणि त्या हत्तींचा दाता कोण? लेख कोरलेला हाय. भदंत इंददेव नावाचा थेर. हे हत्ती आणि हत्तींच्या वरखालची कठड्याची नक्षी हे त्याचं दान.

नीट बघ. राजा नव्हे, सावकार नव्हे, भिक्खू. जो माणूस रोज सकाळी दुःख हाय म्हणून शिकवत होता, दुःखाचं कारण सांगत होता, त्यानं दान काय दिलं तर हत्ती. त्याला कळत होतं की घाट चढून, उन्हानं करपून, घरातलं मरण उराशी घेऊन आलेल्या माणसाला धम्माचा शब्द कानी पडण्याआधी काहीतरी मोठं, मायाळू दिसलं पाहिजे. पावसात आडोशाला उभं राहावं तसं त्या हत्तीच्या सोंडेजवळ उभं राहता येतं. मी उभा राहिलोय. दाजींचं झाल्यावर महिन्याभरानं गेलो होतो. कातळ गार होता. कपाळ टेकवलं. पूजा केली नाही, नुसतं टेकवलं. बरं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आणि त्याच ओसरीत सामी नावाच्या सुताराचंबी नाव कोरलंय, वेणुवासाचा पोरगा, धेनुकाकटचा. दाराचं काम त्याचं. दोन हजार वर्षांमागं हातानं काम करणाऱ्याचं नाव भिंतीवर. दाजींचं नाव हजेरीपटावरसुद्धा नाही.

दुसरा हत्ती समुद्रात. बेलापूरच्या जेट्टीवरून २०२२ साली वॉटर टॅक्सी सुरू झाली, घारापुरीला. घारापुरीला इंग्रजीत एलिफंटा का म्हणतात? धक्क्याजवळ काळ्या पाषाणाचा भलाथोरला हत्ती उभा होता, पोर्तुगीजांनी त्याच्यावरून बेटाचं नाव ठेवलं. महादेवाच्या लेण्यावरून नाही, हत्तीवरून! त्याच बेटावर आपल्या स्तूपाचे विटांचे अवशेष हायत. तर तो हत्ती १८६४ साली इंग्रजांनी विलायतेला न्यायला काढला. उचलताना यारीची साखळी तुटली, हत्ती पडला नि त्याचे तुकडे झाले. तुकडे भायखळ्याला राणीच्या बागेत आणून टाकले. १९१४ साली ते पुन्हा सांधले. आजबी तो भाऊ दाजी लाड म्युझियमच्या अंगणात उभा हाय, सांधे दिसतात.

राणीची बाग म्हणजे गिरणगावाचं अंगण. माझा आजा तिथल्याच एका कापडगिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. आजाबी बाहेर. माझा बाप तेव्हा आठ वर्षांचा. घरात डबे रिकामे, आजी कागदाच्या पिशव्या चिकटवायची. बाप सांगतो, आजा रविवारी पोरांना चालत राणीच्या बागेत न्यायचा आणि त्या मोडून सांधलेल्या हत्तीसमोर उभं करायचा. म्हणायचा, "बघा, ह्याचेबी तुकडे झालेते. उभा हाय का नाय?" संप बुडाला, गिरणी गेली, आजा गेला. बाप त्या हत्तीचं अजून सांगतो. संपातल्या एकाही पुढाऱ्याचं भाषण त्याला आठवत नाही. पुढारी वाईट होते असं मला म्हणायचं नाही. आठ वर्षांच्या पोराच्या हाताला काय लागलं, एवढंच सांगतो.

आणि म्हातारीचा बूट. तू बुटाचं नाव हेटाळणीनं घेतलंस म्हणून मुद्दाम सांगतो. मलबार हिलवर कमला नेहरू पार्क हाय, १९५२ सालचं. त्यात घराएवढा बूट. इंग्रजांच्या पोरांच्या गाण्यातली म्हातारी बुटात राहायची, तिचा. बंगलेवाल्यांच्या टेकडीवर, विलायती गाण्यातला बूट. तुझ्या हिशेबानं याच्याइतकी परकी वस्तू दुसरी नसेल. त्याच संपात आजानं पोरांना तिथंबी नेलं, लालबागपासून चालत, डोक्यावर ऊन. पोरं बुटात शिरली, जिना चढली, वरच्या खिडकीतून हात हलवायला लागली. बाप सांगतो, आज्याला हसू आवरेना. हसता हसता खाली बसला. कुणीतरी विचारलं, काय झालं ओ? आजा म्हणाला, "गावात पाटलाच्या वाड्यावरनं जाताना आमचा बाप पायातली वहाण काढून हातात धरायचा. आज माझी पोरं साहेबाच्या बुटात बसून मला टाटा करत्यात."

हे हसणं म्हणजे भुलवण? दोस्ता, हा आख्खा निबंध हाय. आज्याला लिहिता येत नव्हतं म्हणून तो हसला.

पण बूट म्हटलं की आणखी एक आठवतं आणि ते टाळून पुढं जाता येत नाही. ११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला रात्रीतून कुणी चपलांचा हार घातला. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. आपल्याकडं पुतळ्याला हात लागतो तो असा. म्हणून तुला भीती वाटते, मला कळतं. पुतळा म्हटलं की आपल्या अंगावर रक्ताचा वास येतो. मग पुतळ्याशी पोरांनी खेळावं ही गोष्टच आपल्याला पाखंड वाटते.

इथं फरक करायला शिकू या. बाबासाहेबांचा पुतळा सांत्वन करायला उभा नाही. त्याचं बोट बघ. तो काम सांगतो. त्याच्यासमोर गेलं की पाठ ताठ होते, राहिलेलं वाचन आठवतं. दादरला इंदू मिलच्या जमिनीवर जो पुतळा ठरलाय तो ३५० फुटांचा, चौथरा धरून ४५०. ती जमीन आपण २०११ च्या डिसेंबरात आत घुसून मागितली होती, कुणी ताटात वाढली नव्हती. तो व्हायलाच पाहिजे. पण त्याच्या बुटावर कुणाचं पोर चढणार नाही आणि चढूबी नये. ज्या पोरीचा बाप गेलाय तिला बोट दाखवून चालत नाही, तिला मिठी मारायला काहीतरी लागतं. बापानं काम सांगावं आणि आजानं खांद्यावर घ्यावं. घरात दोघंबी लागतात. बाबासाहेबांचंच बघ. संविधान लिहिणारा, रात्र रात्र पुस्तकात बुडणारा तो माणूस उतारवयात व्हायोलिन शिकत होता. त्यांना कुणी म्हणालं नाही, बाबा, आधी भाकरी.

आता तिसरं. तू म्हणतोस, मोठी आकृती उभी केली की मूर्तिपूजा आलीच. बावीस प्रतिज्ञा आठवा, म्हणतोस. आठवतात. रोज आठवतात. म्हणूनच सांगतो, मूर्ती नि खेळणं ओळखायची साधी खूण हाय. मूर्तीला हात लावायला पुजारी लागतो. खेळण्याला हात लावायला फक्त हात लागतो. ज्या हत्तीच्या सोंडेला चार नागडी पोरं लोंबकळताहेत त्याचा देव होत नाही, कुणाची छाती नाही त्याचा देव करायची. उलट, पोरांना हाकलून भोवती साखळी घाल, पाटी लाव, दिवे सोड, उद्घाटनाला मंत्री आण, की तिथं देऊळ सुरू झालं. बागेतल्या त्या पक्ष्याला त्यांनी देव करून टाकलाय. आपण त्याला पुन्हा खेळणं करायचं.

भांडवलदाराचं खेळणं, म्हणतोस. खेळणं ज्याच्या हातात त्याचं. एक पिवळं रबरी बदक घे. आंघोळीच्या टबातलं. हॉलंडच्या फ्लोरेन्टाइन हॉफमन नावाच्या शिल्पकारानं २००७ साली ते फुगवून घराएवढं केलं आणि पाण्यावर सोडलं. ते देशोदेशी हिंडलं. २०१३ साली हाँगकाँगच्या बंदरात लोक ते बघायला गर्दी करून उभे. त्याच वर्षी चीनमध्ये कुणीतरी तियानमेनच्या रणगाड्यांच्या जुन्या फोटोत रणगाड्यांच्या जागी बदकं बसवली, तर ४ जूनच्या सुमाराला सरकारनं 'मोठं पिवळं बदक' हे शब्द शोधायलाच बंदी घातली. बदकाला घाबरलं सरकार! ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या कारखानदारांच्या संघानं २०१५ साली तसंच बदक उभं केलं, कर भरायचा नाही म्हणून. ते मालकांचं बदक. आणि २०२० च्या नोव्हेंबरात बँकॉकमध्ये पोरापोरींनी पार्लमेंटसमोर फुगवलेली बदकं नेली आणि पोलिसांनी पाण्याचा मारा सुरू केल्यावर तीच ढालीसारखी पुढं धरली. ते आपलं बदक. बदक एकच. तू बदकाला शिव्या देऊन मोकळा झालास, मालकाला हातबी लावला नाहीस.

आपल्याच देशातलं बघ. हत्ती हे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचं निवडणुकीतलं चिन्ह होतं. लखनौत, नोएडात मायावतींनी दगडी हत्तींच्या रांगा उभ्या केल्या. काय बोंब झाली! गरिबांचा पैसा, उधळपट्टी, अहंकार. २०१२ च्या जानेवारीत निवडणूक आयोगानं ते हत्ती झाकायला लावले. एवढे हत्ती कापडात, प्लास्टिकात गुंडाळले. झाकले तरी हत्तीच दिसत होते. त्या स्मारकांवर टीका करायची तर करू, घरातली टीका घरात करू. पण ज्यांना शेकडो वर्षांत एकाही राजाच्या वाड्यापुढचा हत्ती उधळपट्टी वाटला नाही, त्यांना आपल्या हत्तीपाशीच शाळा, दवाखाना, भाकरी आठवली. आणि तू तुझ्या लेखात नेमकं त्यांचंच वाक्य लिहिलंस. म्हणून मला राग आला, दोस्ता.

आता महापालिकेकडं वळतो, कारण ही चिठ्ठी फक्त तुला नाही.

तुम्ही शहराला फ्लेमिंगोचं नाव दिलंत. सिमेंटचे, पत्र्याचे, भंगाराचे पक्षी उभे केलेत. नेरुळला २०१२ साली वंडर्स पार्कात जगातली सात आश्चर्यं छोटी करून मांडलीत. आम्ही त्याला नको म्हणत नाही. पण २०२४ च्या एप्रिलात नेरुळच्या डीपीएस तलावापाशी खरे फ्लेमिंगो मरून पडत होते. खाडीचं पाणी आत यायची वाट अडलीय म्हणून पर्यावरणवाले ओरडत होते. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेनं तिसाहून जास्त पक्षी रस्त्यावर पडले. खरा पक्षी मरतो नि खोट्याभोवती साखळी. माणसाचंबी तसंच. हे शहर बांधायला १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत त्या जमिनीच्या दामासाठी पाच माणसं गोळीनं मेली. पारसिकचा डोंगर फोडून खडी निघाली, ती फोडायला आपली नि वडारांची माणसं. त्या पक्ष्याच्या पायात जी सळई हाय ती कुठल्यातरी रोलातून कुणीतरी चिमट्यानं धरून ओढलीय. मी ओढली असंल, दाजींनी ओढली असंल. आपल्या हातानं ओढलेल्या सळईला आपल्याच पोरीनं मिठी मारली तर शिट्टी वाजते.

मागणी साफ हाय. प्रत्येक वस्तीत, नगरात, डोंगराच्या उतारावर दहा बाय दहाची जागा. तिथं एक मोठं, चढता येईल, घसरता येईल, पोटात शिरता येईल असं जनावर. तिकीट नाही, साखळी नाही, वेळ नाही. बाग सेक्टरात नि नाला वस्तीत, ही वाटणी जातीची हाय, तिला शहररचना म्हणू नका. आणि या हत्तीच्या बदल्यात आम्ही नळ सोडणार नाही, शाळा सोडणार नाही, दाजींची भरपाई तर मुळीच सोडणार नाही. हत्ती दिला म्हणून गप्प बसतील असं ज्याला वाटतं त्यानं आमच्याकडचं पोर हत्तीवर बसलेलं बघितलेलं नाही. ते तिथून सगळी वस्ती बघतं, नि सेक्टरबी बघतं. मग खाली येऊन विचारतं.

मागणी करून वाट बघत बसायची सवय आम्हाला नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या वस्तीतल्या दोघा वेल्डरांनी, एका गवंड्यानं नि मी मिळून हत्ती केला. पोट म्हणजे ऑइलची चार पिंपं. पाय म्हणजे सिमेंट भरलेले पाइप. कान पत्र्याचे, कडा दुमडलेल्या, पोरांना लागू नये म्हणून. सोंड ट्रकच्या टायरची, कापून, एकात एक गुंतवलेली. डोळे दोन वेगळ्या मापाचे झाले, त्यामुळे तो सारखा काहीतरी आठवत असल्यासारखा दिसतो. निळा रंग दिला, कारण विहाराच्या रंगकामातला उरला होता. चित्रकार लोक बघतील तर हसतील. हसा. त्याच्यासाठीच केलाय.

भाची पहिल्या दिवशी लांब उभी राहिली. माझ्याकडं बघत होती. शिट्टी कधी वाजते याची वाट बघत होती, हे मला नंतर कळलं. मी म्हणालो, जा. ती गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. आता सोंडेवरनं उतरवताना ताईला काठी घ्यावी लागते. बोलते. बापाचं विचारतेबी, आणि रडते. रडणंसुद्धा इतके दिवस अडकलं होतं. हत्तीनं तिचा बाप परत आणला नाही. बापासाठी रडायला जागा दिली.

आणि संध्याकाळी तिथं फक्त पोरंच नसतात. नाक्यावर काम न मिळालेले बाप्ये त्याच्या पायाशी पाठ टेकून बसतात. म्हातारी माणसं कानावर थाप मारून जातात. परवा त्याच्या सावलीत युनियनची बैठक झाली, दाजींच्या केसवर. यायची नाहीत म्हणून ज्यांना मी आधी बोलावलंसुद्धा नव्हतं ती माणसं पोरांना न्यायला आली नि बसली.

आता एका हापिसातून माणूस येऊन गेला. हत्तीचा फोटो काढला, माप घेतलं. म्हणाला, हे अनधिकृत बांधकाम हाय, काढावं लागंल. मी विचारलं, हत्ती का वस्ती? तो म्हणाला, आधी हत्ती.

आधी हत्ती. त्याला बरोबर कळलंय, दोस्ता. तुला अजून कळलं नाही.

म्हणून हे लिहितो. तुझ्या उत्तराला पुढच्या अंकात जागा ठेवायला मी संपादकांना सांगितलंय, लिही, कडक लिही. पण त्याच्या आधी येत्या रविवारी सकाळी बेलापूरला ये. स्टेशनावरून चालत वीस मिनिटं, कुणालाबी विचार, निळा हत्ती कुठं हाय. ते तोडायला आले तर आपण भोवती बसू. तोडला तर दुसरा करू, पिंपं बघून ठेवलीत. एकट्यानं येऊ नको, पोराबाळांना घेऊन ये. आणि आलास की पहिलं काम, भाषण नाही. हत्तीला हात लाव.

जयभीम.